चौथा खिळा

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, आढ्याच्या अगदी खाली, तीन रंगवलेल्या लाकडी तबकड्या आहेत आणि त्यांच्या शेजारी एक रिकामा खिळा. तबकड्यांबद्दल आमच्या हेस्टेनडॉर्फ गावात कोणी काही बोलत नाही. बोलतात ते खिळ्याबद्दल.

जूनमधल्या नेमबाजीच्या उत्सवात ज्याची एक गोळी मधल्या ठिपक्याच्या सर्वांत जवळ बसते, तो वर्षभराचा राजा. त्याच्या नावाची तबकडी वाजतगाजत येऊन त्याच्या घरावर ठोकली जाते, आणि घर उभं आहे तोवर ती उतरत नाही. आमच्याकडची पहिली आजोबांची, दुसरी काकाची, तिसरी बाबांची, १९७१ सालची. खिळा माझा.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा मुलांच्या स्पर्धेत सगळ्या पोरांना मागे टाकलं होतं. हाइनो ब्रामर दुसरा आला. नेमबाजी क्लबने विचार केला, जिंकणाऱ्याला मिळणारी राजपुत्राची साखळी मुलीच्या गळ्यात कशी घालायची? साखळी हाइनोला दिली आणि मला दिली फुलं काढलेली एक चिनी मातीची बशी. बाबा मला घेऊन तडक निघाले. घरी आले, शिडी लावली आणि वर चढून चौथा खिळा ठोकला. खाली उतरून म्हणाले, "ही तुझी जागा. बशी कोंबड्यांना दे."

पंचेचाळीस वर्षं झाली. त्यात मी लग्न केलं, मोडलं, एक मुलगी वाढवली, आणि सव्वीस वर्षं शाळेची बस चालवते आहे. खिळा गंजला. पावसाचं पाणी त्याच्यावरून ओघळून भिंतीवर तांबडा डाग पडला. दर उत्सवात कोणीतरी विचारणारच, "वीबके, काय गं, त्या खिळ्यावर टोपी अडकवतेस का?" मी हसत नसे. मला राग यायचा, आणि तो राग मी कधी शिळा होऊ दिला नाही.

बंदूक आमच्या घरी एकच. बारीक काडतुसाची, अक्रोडाच्या लाकडाची, बाबांनी तरुणपणी घेतलेली. गाल टेकवायची जागा आता तळहातासारखी गुळगुळीत झाली आहे. त्यावर तीन पिढ्यांचे गाल घासले आहेत: बाबांचा, माझा आणि यांत्येचा. यांत्ये माझी मुलगी, तेवीस वर्षांची, जीभ तिखट. गुरुवारची संध्याकाळ आमची ठरलेली. तिघंही क्लबात जायचं, पाळीपाळीने पालथं पडायचं, पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या आणि घरी येऊन बटरकेकच्या शेवटच्या तुकड्यावरून भांडायचं. बाबा आता पंच्याऐंशीचे. त्यांना पालथं पडता येतं, पण उठता येत नाही, म्हणून ते खुर्चीत बसून आमच्या चुका काढतात.

दोन वर्षांपूर्वी एका मताच्या फरकाने ठराव झाला, की बायकांनाही राजासाठी नेम धरता येईल. तोवर आमच्यासाठी फक्त वेगळी राणी आणि तिची बशी; ती प्रथा अजूनही आहे. गेल्या वर्षी माझा पाय प्लास्टरमध्ये होता. म्हणून यंदाचा रविवार माझा पहिला.

तीन गोळ्या, त्यातली सर्वांत चांगली धरायची. मला तीन नंबरची जागा मिळाली. चार नंबरवर टोर्बेन ब्रामर, हाइनोचा मुलगा. हाइनो आता क्लबचा अध्यक्ष, पोट पट्ट्याबाहेर आणि ती राजपुत्राची साखळी दिवाणखान्यात काचेमागे.

"मावशी, नीट हं," टोर्बेन पालथा पडता पडता म्हणाला. माझ्या बसमधून गेलेली सगळी पोरं मला मावशी म्हणतात. "इथे ब्रेक नसतो."

"तू तुझं बघ. दुसरीत असताना बसमध्ये ओकला होतास, ते मीच पुसलं होतं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. बरं वाटलं.

पहिली गोळी ठीक गेली. दुसरी थोडी डावीकडे. मग छाती इतकी धडधडायला लागली, की बंदुकीचं टोक तालावर हलताना दिसत होतं. बाबांनी लहानपणी शिकवलेलं आठवलं: डोळे मीट, अर्धा श्वास सोड, अंग सैल कर, मग डोळे उघडून बघ बंदूक कुठे बघते आहे. मी डोळे मिटले. डाव्या कोपराखाली चटई टोचत होती, ते जरा सरकवलं. श्वास सोडला. डोळे उघडले तर बंदुकीवरच्या मागच्या कड्यात, पुढच्या कड्यात, अगदी मधोमध काळा गोल स्थिर उभा होता. इतका स्थिर मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी बोट दाबलं आणि मला कळलं. नेमबाजाला गोळी सुटतानाच कळतं. ही मधोमध गेली.

गेलीच होती. फक्त चार नंबरच्या कागदावर.

कड्यातून काळा गोल तेवढा दिसतो, वरचा नंबर दिसत नाही. नंबर आधी बघायचा असतो. यांत्येला मी हे शंभर वेळा सांगितलं आहे. बाबांनी मला हजार वेळा.

तारेवरून कागद सरकत आले. माझ्या कागदावर दोन भोकं, टोर्बेनच्यावर चार. त्यातलं एक मधल्या ठिपक्याच्या पोटात, दिवसभरात तसं कोणाचं बसलं नव्हतं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बस चुकीच्या रस्त्याला लागली!" आणि अख्खा क्लब हसला.

हाइनोने भिंग लावून दोन्ही कागद पाहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. टोर्बेनला विचारलं, "यातली तुझी कुठली?"

"तीन माझ्या," टोर्बेन म्हणाला. "कुठल्या तीन, ते नाही सांगता येत."

"मग नियम स्पष्ट आहे. परकी गोळी ओळखता येत नसेल, तर कागद ज्याचा त्याची सर्वांत चांगली धरायची." हाइनोने घसा साफ केला. "म्हणजे राजा..."

"थांब," मी म्हणाले. "मधली माझी आहे."

हाइनो माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेला. आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाला, "वीबके, शहाणपणा कर. ती तुझी निघाली, तर दुसऱ्याच्या कागदावर मारलीस म्हणून तुझी आख्खी पाळी रद्द. शून्य. ती तुला मिळणार नाहीच. गप्प राहिलीस, तर तुझी पहिली गोळी बायकांमध्ये सर्वांत चांगली आहे. राणीची बशी तुझीच."

खरं सांगते, तोपर्यंत मी घरी जाऊन रडायच्या विचारात होते. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही. पण बशी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"एक बशी आहे माझ्याकडे," मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं कोंबड्या पाणी पितात त्यातून. दुसरी कशाला?"

"आई, सोडू नकोस त्याला!" मागून यांत्ये ओरडली.

"सिद्ध कर मग," हाइनो म्हणाला. आता माया संपली होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठत होते. उठायला त्यांना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं असतं, कारण जिवंत राजांमध्ये तेच सर्वांत जुने. ते टेबलापाशी आले, भिंगाला हात लावला नाही. माझ्या कागदावर बोट ठेवलं. "ही दोन भोकं बघ. कडेला काळं कडं आहे. आमची काडतुसं जुनी, ग्रीस लावलेली, मी साठवून ठेवलेल्या खोक्यातली. गोळी जाताना कागदाला तोंड पुसते." मग बोट टोर्बेनच्या कागदावर. "हे स्वच्छ, हे स्वच्छ, हे स्वच्छ. याच्या काडतुसांना मेण असतं. आणि हे मधलं?"

मधल्या भोकाला काजळ घातल्यासारखं कडं होतं.

"हिन्रिककाका, तुम्ही तिचे वडील," हाइनो म्हणाला. "तुमचं कसं धरायचं?"

"माझं नको धरू. कोरा कागद लाव. दोन्ही खोक्यांतली एकेक गोळी मार. तूच मार."

हाइनोला मारावी लागली. पन्नास माणसं मागे उभी होती. कागद आला: एक भोक स्वच्छ, एकाला काळं कडं. दोन्ही आठ गुणांच्या वर्तुळाच्याही बाहेर. यांत्ये त्यावर बोलणार होती, मी तिच्या पायावर पाय दिला.

"म्हणजे गोळी वीबकेची," हाइनो म्हणाला. "वीबके हार्म्स, शून्य. पाळी रद्द." हे मात्र त्याने अगदी खणखणीत आवाजात सांगितलं.

"शून्य," मी म्हणाले. "लिहून घे. पण टोर्बेन राजा नाही."

टोर्बेनच्या तिन्ही गोळ्या ठिपक्यापासून ओकोच्या सकाळच्या गोळीपेक्षा लांब होत्या. ओको आमचा पोस्टमन. तो तेव्हा बाहेर सॉसेज खात उभा होता. तिथेच त्याला उचलून खांद्यावर घेतलं. मोहरी त्याच्या सदऱ्यावर सांडली. टोर्बेन माझ्याकडे आला, कान लाल झालेले. "मावशी, मला ती गोळी नकोच होती," म्हणाला. मी म्हटलं, "मग हे आधी बोलायचं असतं, बाळा."

घरी येताना मी गाडीत रडले. यांत्ये गाडी चालवत होती. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "नंबर बघायचा असतो."

"माहीत आहे, बाबा."

"पण गोळी चांगली होती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "माझ्या एकाहत्तरच्या गोळीपेक्षा चांगली."

हे त्यांनी उभ्या जन्मात कोणाला म्हटलेलं नव्हतं. मी रडायची थांबले.

स्वयंपाकघरात त्यांनी बटाट्याच्या जुन्या पेटीचं झाकण मागितलं. क्लबच्या तबकड्या वीस वर्षं त्यांनीच रंगवल्या होत्या, हिरवा रंग आमच्याकडे उरलेला होता. मी झाकण गोल कापलं, यांत्येने घासलं, बाबांनी रंगवलं. मनगट टेबलाला टेकवून ते काम करत होते. हिरवी कड, मधे काळा गोल, खाली साल आणि माझं नाव. आणि नावापुढे, दोन बोटं उंच, पांढऱ्या रंगात: शून्य. मग त्यांनी गिरमिट घेतलं आणि काळ्या गोलाच्या अगदी मध्यावर, गोळी गेली होती तिथे, एक बारीक भोक पाडलं.

"हे असं लावणार?" यांत्येने विचारलं. "लोक हसतील."

"पंचेचाळीस वर्षं रिकाम्या खिळ्याला हसलेत," मी म्हणाले. "आता जरा वाचू देत."

सोमवारी सकाळी मी शिडीवर चढले आणि ती चौथ्या खिळ्यावर टांगली.

मिरवणूक अकराच्या सुमाराला आली. पुढे बँड, मागे झेंडा घेऊन टोर्बेन, त्याच्यामागे नव्या राजाच्या हारात घुसमटलेला ओको, आणि बाजूने काठी हलवत हाइनो. रिवाज असा, की ज्या घरावर तबकडी आहे तिथे थांबायचं, झेंडा घरापुढे वाकवायचा, घरच्यांनी सगळ्यांना थोडी थोडी धान्याची दारू द्यायची. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. बाबा भिंतीखाली खुर्चीत, हिरवा कोट, छातीवर एकाहत्तरचं पदक.

हाइनोने वर पाहिलं. ओठ हलले; बहुतेक शून्य वाचत होता. काठी वर केली आणि बँड थांबला.

"ती खाली काढ, वीबके. ती राजाची नाही."

"मी कुठे म्हणते राजाची आहे? नीट लिहिलंय काय आहे ते. तूच सांगितलंस सगळ्यांना."

"झेंडा शून्यापुढे वाकत नाही."

"मग वाकवू नका," बाबा खुर्चीतून म्हणाले. "हिच्या आजोबांपुढे नको, माझ्या भावापुढे नको, माझ्यापुढे नको. चारही घ्या, नाहीतर चारही सोडा. भिंत एकच आहे."

सर्वांत जुन्या राजाचं घर टाळून मिरवणूक कधी गेली नव्हती. हाइनोला ते माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. मोठा ढोलवाला घामाघूम होऊन ट्रेकडे बघत होता. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्षमहाराज, घसा कोरडा पडला." ओको हारातून मान बाहेर काढून म्हणाला, "मी हिच्यामुळेच राजा आहे बरं का, हाइनो."

हाइनोने काठी खालीही केली नाही आणि हलवलीही नाही. तेव्हा टोर्बेन पुढे आला. बापाकडे न बघता त्याने झेंडा खाली आणला, पार अंगणातल्या फरशीला टेकेपर्यंत, आणि मनात चार मोजता येतील इतका वेळ तिथेच धरला. ढोल वाजला. बाबांनी टोपी काढली.

"हा मान त्या तिघांचा होता," हाइनो ग्लास उचलताना मला म्हणाला.

"झेंड्याला सांग तसं," मी म्हणाले आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

मिरवणूक वळणावर दिसेनाशी झाली. शिडी भिंतीलाच होती. मी आत जाऊन हातोडी आणि एक नवा कोरा खिळा आणला, वर चढले, आणि शून्याच्या शेजारी एक वीत सोडून तो ठोकला. खाली बाबा शिडी धरून उभे होते, म्हणजे शिडीनेच त्यांना धरलं होतं.

"हा कोणाचा?" यांत्येने विचारलं.

"आपल्या दोघींत जी स्वतःच्या कागदावर मारेल तिचा."

"मग माझाच," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली हातोडी घेऊन आत गेली.