ऐंशी चिंचोके

अश्विनने मडक्यात हात घातला आणि चिंचोके तळापासून ढवळले. हात आत तसाच ठेवून तो आईला म्हणाला,

"यातून वीस निघतील. मी एकेक काढीन, आकडा सांगीन. तुझ्या कागदावर तो आकडा असला त त्याच्यावर लाखोळीच्या डाळीचा दाणा ठेवजो. बस्स, एवढाच खेळ आहे."

"अन् एवढ्यासाठी तुले जहाजावर ठेवलं?"

धुरपताबाईच्या या प्रश्नावर देवचंदला हसू आले, पण त्याने ते खोकल्यात घालवले. बायको आणि मुलगा अंगणात सतरंजीवर समोरासमोर बसले होते आणि तो स्वतः पायरीवर, मांडीवर रिकामी परात घेऊन. परातीचे काम त्याला अश्विननेच नेमून दिले होते. निघालेले चिंचोके परातीत ओळीने मांडायचे, म्हणजे मोजदाद चुकत नाही.

खेळाची कल्पना धुरपताबाईची होती. सकाळी जेवताना अश्विनने सांगितले होते की कंपनीने नवे काम दिले आहे. या वेळी जहाजावरच्या कॅसिनोत नाही, दूरच्या देशातल्या एका मोठ्या कॅसिनोत, आणि मध्ये सुट्टी न घेता दोन वर्षे. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते. हो म्हटले तर उद्या सकाळची गाडी पकडून गोंदिया आणि तिथून मुंबई. गोंदियातल्या एका हॉटेलवाल्यानेही त्याला मॅनेजर म्हणून बोलावले होते, हे तिघांनाही ठाऊक होते, पण त्याविषयी तो काही बोलला नाही आणि आईवडिलांनीही विचारले नाही. जेवण झाल्यावर ताटे उचलता उचलता धुरपताबाई म्हणाली होती, "लोक विचारतात पोरगा काय करते म्हणून. मी सांगते, हॉटेलात आहे. खरं काय करतोस ते एकदा दाखव ना मले."

मग तिनेच वर्षाच्या चिंचेतले चिंचोके काढले, धुतले, उन्हात वाळवले. अश्विनने त्यांवर काळ्या शाईने एक ते ऐंशी आकडे घातले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घरे आखली. सुट्टीवर आल्यापासूनच्या पंधरा दिवसांत, मंडईच्या जत्रेला जाऊन आला तो दिवस सोडला तर, त्याने इतके मन लावून काही केले नव्हते. एरवी तळ्याच्या पाळीवर जाऊन बसायचा. विचारले तर "हं" म्हणायचा.

"आता तुझे दहा आकडे घे," तो म्हणाला. "गोल करजो त्याईले. अन् मोठ्यानं नको बोलू. काढणाऱ्यानं खेळणाऱ्याचा कागद पाहायचा नसते."

"कोनते घेऊ?"

"मनाले येतील ते."

धुरपताबाईने पेन हातात घेतला. "चार," ती मोठ्याने म्हणाली. "नऊ. बावीस."

"माय, मी ऐकून राहिलो."

"मंग विसर," ती म्हणाली आणि पुढचे आकडेही तशीच मोठ्याने बोलत गेली. सदतीसवर पेन थोडा थांबला. "हा घेते. हा कोनी घेत नसन."

कुंपणापाशी टिकाराम आला. शेजारचाच. डोक्यावरचा तणसाचा भारा त्याने खाली टाकला आणि आत डोकावला.

"काय चालू आहे गा, देवचंदभाऊ? चिचोके मोजून राहिले?"

"अश्विनचं हापिस आहे हे," देवचंद म्हणाला.

"म्हणजे हा इतके वर्ष चिचोके काढून राहिला? आमाले वाटे, जहाज चालवते."

अश्विन हसला. "तिथं गोळे राहतात, काका. हलके, पिंगपाँगच्या चेंडूसारखे. काचेच्या भांड्यात खालून हवा सोडतात, ते आत उडत राहतात. मंग एकेक नळीतून वर येतो, मी वाचतो. मोठ्या बोर्डावर तो आकडा पेटते. केनो म्हणतात या खेळाले."

"अन् लोक काय करतात?"

"जेवत राहतात. पोरी टेबलाटेबलावर जाऊन त्याईचे कागद जमा करतात. पत्त्याच्या टेबलावर आरडाओरड राहते, आमच्याकडं नाही. म्हातारेच जास्त येतात. एकाच खुर्चीवर बसतात, रोज तेच आकडे घेतात अन् बोर्डाकडं पाहत राहतात."

"तेच आकडे काऊन?" धुरपताबाईने विचारले.

"आपला कवा निघते, वाट पाहतात."

तिने कागदावरून मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"दहा आकडे घेतले अन् एकही नाही निघाला, तरी कुठं कुठं बक्षीस देतात," अश्विन म्हणाला.

"वा! म्हणजे आमच्यासारख्याईचीही सोय आहे तिथं," टिकाराम म्हणाला. "पण खाली-पिली कायले खेळता? शर्यत लावा. वहिनी, पाच लागले त पोरगा घरीच. नाही लागले त उद्याची गाडी. बोला!"

तो स्वतःच हसला. बाकी कोणी हसले नाही.

"लावली," धुरपताबाई म्हणाली.

"लाव," अश्विन म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की देवचंदने त्याच्याकडे पाहिले. पण अश्विन खाली वाकून फोन सतरंजीवर पालथा ठेवत होता.

देवचंदने परातीच्या कडेवरून अंगठा फिरवला. ऐंशीतले वीस, म्हणजे चौथा हिस्सा. दहा आकडे घेतले तर अडीच लागावेत. दोन, फार तर तीन. चार म्हणजे नशीब. हे त्याला बसल्या जागी कळत होते, मग ज्याने सात वर्षे हेच केले त्याला कळत नसेल असे कसे म्हणावे? कळत होते म्हणूनच तो पटकन हो म्हणाला. धुरपताबाईला मात्र कोणी हे सांगितले नव्हते. सांगावे का, असे देवचंदच्या मनात आले. तिने लाखोळीचे मूठभर दाणे कागदाशेजारी ओतून घेतले होते आणि त्यातले खडे निवडत होती. त्याने परात मांडीवर सरळ केली.

बाहेर कोणाची तरी गाय टिकारामच्या भाऱ्याला लागली. "हाड! हाड बे!" करत तो धावला. भारा डोक्यावर घेऊन जाता जाता ओरडला, "निकाल सांगजा मले!"

अंगणात हिवाळ्याचे ऊन कलले होते. अश्विन उठून मांडी बदलून बसला. पाठ ताठ केली. डावा हात पाठीमागे नेला आणि उजवा मडक्यात घातला.

"आठ."

देवचंद दचकला. हा आवाज घरातला नव्हता. स्वच्छ, भरलेला, जवळच्यालाही आणि लांबच्यालाही सारखाच ऐकू जाईल असा. अश्विनने चिंचोका दोन बोटांत धरून खांद्याइतका उंच केला, डावीकडे दाखवला, उजवीकडे दाखवला, जणू अंगण माणसांनी भरले होते. मग तो परातीत ठेवला आणि हात पुन्हा मडक्यात गेला.

"एकोणसत्तर."

"बावीस."

"आहे," धुरपताबाई म्हणाली आणि दाणा ठेवला. पण तिची नजर कागदावर राहीना. ती मुलाकडेच पाहत होती. तो कोणाकडेच पाहत नव्हता. त्याचे डोळे थोडे वर, कुंपणापलीकडे लागले होते. दोन आकड्यांमध्ये तो सारखेच अंतर सोडत होता, ना घाई ना रेंगाळणे. पंधरा दिवस उंबऱ्याला ठेच लागेल असा चालणारा पोरगा तो हाच, हे एखाद्या परक्याला सांगूनही पटले नसते. धुरपताबाईचे ओठ किंचित उघडे राहिले होते.

"त्रेपन्न." तिचाच होता. तिने तो जरा उशिरा ठेवला.

मग बरेच आकडे दुसऱ्यांचे निघाले. देवचंदने दोन ओळी भरल्या आणि तिसरी धरली. आता संपलेच, असे त्याला वाटू लागले होते, तेवढ्यात नऊ निघाला आणि त्यामागे लगेच अडुसष्ट. कागदावर चार दाणे झाले. देवचंदने मोजले. पुन्हा मोजले. मडक्यातून अजून आकडे काढायचे बाकी होते. तो नास्तिक नव्हता, पण आकड्यांसाठी देवाला हाक मारावी असे त्याला आजवर कधी वाटले नव्हते.

तिसरी ओळ भरली. अश्विनने हात वर केला.

"सदतीस."

धुरपताबाईच्या चिमटीत दाणा होताच. हात अर्ध्यापर्यंत गेला. देवचंदला पायरीवरून पेनचा तो गोल दिसत होता. थोडा जाड, कारण तिथे ती थांबली होती.

तिने वर पाहिले. अश्विन ताठ बसला होता, हात खांद्याइतका उंच. पण तो चिंचोका त्याने डावीकडे दाखवला नाही, उजवीकडेही नाही. परातीतही ठेवला नाही. इतका वेळ सारखे चाललेले ते अंतर लांबत गेले. तळ्याकडून पाखरांचा एक थवा आला, घरावरून गेला.

धुरपताबाईने चिमूट मागे घेतली. दाणा बाकीच्या दाण्यांत मिसळला.

"काढ ना पुढचा," ती म्हणाली. "थांबला काऊन?"

"काढतो."

चिंचोका परातीत आला. देवचंदने तो उलटा करून पाहिला. तीन आणि सात, काळ्या शाईत. अवं, हा तुझा आहे. एवढेच म्हणायचे होते. पण बायको कागदाकडे पाहत होती आणि मुलगा मडक्याकडे, आणि बोललो तर या दोघांपैकी नेमके कोणाचे भले होईल हे त्याला कळेना. त्याने सदतीस चौथ्या ओळीच्या सुरुवातीला ठेवला.

उरलेले आकडे अश्विनने काढले. ते कोणाचेच नव्हते. आवाज मात्र खाली उतरत गेला. शेवटचा तर देवचंदला नीट ऐकूही आला नाही, चिंचोक्यावरून वाचावा लागला.

"किती लागले?" अश्विनने विचारले.

"चार."

"नीट पाह्य."

"पाहिलं. चारच आहेत. हारली मी." तिने पदराने हात पुसले, ते ओले नव्हते तरी. "जाय तू. फोन कर त्याईले. थांबले असतील लोक. मी पोहे बांधून देते, गाडीत खायले होतील." मग म्हणाली, "चांगलं बोलतोस रे तू. लई चांगलं बोलतोस. मले माहीतच नव्हतं."

अश्विनने फोन उचलला नाही. त्याचा हात पुन्हा मडक्यात गेला.

देवचंदने परातीकडे पाहिले. पाच-पाचच्या चार ओळी, पूर्ण. "वीस झा..." त्याने सुरुवात केली आणि तोंड मिटले.

अश्विनने या वेळी चिंचोके ढवळले नाहीत. मूठ बंद करून हात बाहेर काढला, पण उंच केला नाही. गुडघ्यावर ठेवला. कुंपणापलीकडे पाहणारे त्याचे डोळे आता सरळ आईच्या तोंडावर होते आणि आवाज घरातला होता.

"सदतीस."

"तो त मघाच निघाला," धुरपताबाई लगेच म्हणाली. पोराने उजळणीत आकडा चुकवावा आणि आईने चुलीपासून दुरुस्त करावा, तशी.

मग तिला स्वतःचेच बोलणे ऐकू आले. तिने कागद सरळ केला. तो सरळच होता.

अश्विनने मूठ तिच्यापुढे उघडली. आत काही नव्हते.

"मंग ठेव ना दाणा, माय," तो म्हणाला.