मुकादमाच्या वाटणीची गोळी

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे. एकाच काचेच्या टाकीत आठ वर्षं काढली. बोटाएवढा लांब, अंगावर तपकिरी पट्टे, राहणं कायम तळाशी. मी भित्रा आहे असं कुणीही सांगेल, आणि ते खरंच आहे. पण मी डूखही धरतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

लहानपणी आम्ही दीडशे भावंडं एका हिरव्या हौदात एकमेकांच्या अंगावर लोळत असू. तिथून दुकानात आलो. एका मुलीने काचेला नाक लावून मलाच निवडलं. दुकानदार तिच्या आईला म्हणाला, "खायला घालण्याआधी चमच्याने काचेवर टकटक करा ताई. महिन्याभरात आवाजासरशी धावत येतील."

त्या घराने हा सल्ला भलताच मनावर घेतला.

टाकीत आधीपासून नऊ मासे होते. त्यांतल्या चंदेरी, पोटसुट्या थोरल्याला घरचे मुकादम म्हणत. टकटक झाली की मुकादम सुटायचा, वाटेत मला शेपटीने उडवायचा आणि दाणे तळाला पोचायच्या आत फडशा पाडायचा. टकटक म्हणजे मार, एवढं मी चार दिवसांत शिकलो. आवाज झाला की तळाशी आडव्या पडलेल्या मातीच्या कुंडीत शिरायचो.

मी खात नाही म्हणून घरच्यांना काळजी लागली, आणि काळजीपोटी ते आणखी जोरात वाजवू लागले! सकाळी बाबा, दुपारी मुलगी, संध्याकाळी काका. काकांचा चमचा तर चांगला डावाएवढा. "अरे ये की बाहेर! लाजतोस काय पाहुण्यासारखा?"

माझं पोट खपाटीला गेलं. एके दिवशी काका म्हणाले, "वहिनी, हा काही जगत नाही. परत देऊन टाका, नाहीतर चार दिवसांनी उलटा तरंगेल."

"तुम्हीच तरंगा!" मुलगी रडत ओरडली.

मी कुंडीत बसून ऐकत होतो. मुकादम आणि काका, दोघांनाही मी मनात लिहून ठेवलं.

तेव्हा आईच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ होतं. एका दुपारी सगळे त्याच्याभोवती टाळ्या वाजवत "आ कर, आ कर" म्हणत होते आणि ते तोंड घट्ट मिटून बसलं होतं. शेवटी आईने वाटी उचलली आणि माझ्या टाकीशेजारच्या कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून बसली. गलबला थांबला तसं बाळाने निमूट तोंड उघडलं. आईची नजर माझ्या कुंडीकडे गेली.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "तुझंही असंच आहे होय रे?"

त्या दिवसापासून चमचा बंद. तिने टाकीतला दिवा मालवला, माझ्या बाजूच्या काचेवर बाळाचं दुपटं टाकलं. दुसऱ्या टोकाला बाकीच्यांसाठी दाणे पसरले आणि ते तिकडे धावताच एका लांब नळीतून दोन बुडणाऱ्या गोळ्या माझ्या दारात सोडल्या. मग मांडीवरचं बाळ थोपटत गप्प बसून राहिली. मी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी नासू नये म्हणून ती जुन्या गोळ्या काढायची आणि नव्या सोडायची. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारातून काकांचा आवाज आला, "अजून आहे का तो?"

मी बाहेर आलो आणि गोळी गिळली. भूक होतीच, पण पहिला घास रागाने उतरला.

रागावर अंग चांगलं भरतं, मित्रांनो. वर्षभरात मी दुप्पट झालो. आमच्या जातीत डोळ्यांखाली एकेक काटा असतो. एरवी मिटलेला, चिडलो की उघडतो. मुकादमाला हे ठाऊक नव्हतं. गोळीच्या वासाने एकदा त्याने माझ्या कुंडीत तोंड खुपसलं. मी कधीपासून वाटच बघत होतो.

त्याचा ओठ फाटला. चार दिवस तो पाणी गाळायच्या यंत्रामागे दडून बसला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! काका हवालदिल झाले. "वहिनी, माझा मुकादम जेवत नाही हो." त्यांनी पुन्हा चमचा काढला.

"भाऊजी, तो आधी खाली ठेवा," आई म्हणाली.

तिने नळी घेतली. माझी नळी! माझं दुपटं त्याच्या बाजूला गेलं. गोळी त्याच्यापासून वीतभर अंतरावर पडली आणि मुकादम थरथरत पुढे सरकला. कुंडीच्या तोंडाशी मी कसा दिसत असेन, ते मला तेव्हा कळलं. कळलं, तरीही मी निघालो. भर उजेडात सगळी टाकी ओलांडली आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती गोळी खाल्ली.

बाहेर एकच आनंद! "भीड चेपली बघा! धीट झाला गडी!" काकांनी टाळ्या पिटल्या. फक्त आई हसली नाही. तिने दुसरी गोळी सोडली आणि मुकादमाचं खाऊन होईपर्यंत नळी आमच्या दोघांच्या मध्ये आडवी धरून ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात कुणी कोपऱ्यात बसून हळूहळू खाणारा असेल, तर त्याच्या वाटणीचं त्याला पहिल्याच दिवशी द्या, गाजावाजा न करता द्या, आणि त्याचं होईपर्यंत जवळ बसा. उशीर केलात तरी तो कदाचित जगेल, मोठाही होईल. पण मग त्याला स्वतःच्या घासाची चव लागणार नाही. खोटं कशाला बोलू? मुकादमाच्या वाटणीच्या त्या गोळीइतकं गोड मी आजवर काही खाल्लेलं नाही.