तिसऱ्या मजल्यावरचा पूर

जप्तीची नोटीस बँकेच्या मॅनेजरने स्वतःच्या हाताने तलावबाईंच्या दारावर चिकटवली. त्याला फार लांबून यावं लागलं नाही. बँकेची शाखा त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होती. तलावबाई तेव्हा पोहण्याच्या तलावावर मुलींना पाय मारायला शिकवत होत्या. त्यामुळे नोटीस आधी सासूबाईंनी वाचली, मग समोरच्यांनी, आणि संध्याकाळपर्यंत जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी, चष्मे लावून लावून.

तलावबाईंनी गृहकर्जाचा एकही हप्ता चुकवला नव्हता. घराचा आगीचा विमाही काढला होता. पण बँकेला मधूनच काळजी वाटू लागली, की घराला पुराचा विमा नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, नदी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तीही गुडघाभर. तरी बँकेने आपल्याच गोतावळ्यातल्या कंपनीचा विमा परस्पर काढला आणि त्याचे पैसे दर हप्त्यातून आधी कापून घेतले. मग हप्ता अपुरा पडला, तलावबाई थकबाकीदार ठरल्या, आणि घर जप्तीला आलं.

"वहिनी, दावा ठोकू," वकील दीर म्हणाला. "पण वेळ लागेल."

"लागू दे. घर तर सोडवायचंच आहे. पण ज्या हाताने त्याने ती नोटीस चिकटवली ना, त्या हाताला मी सोडणार नाही."

बँकेने कोर्टात उत्तर दिलं. मॅनेजरने शपथेवर लिहिलं होतं, की ही इमारत गंभीर पूरक्षेत्रात असून पाणी कोणत्याही क्षणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढू शकतं. दीर भडकला. तलावबाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. तलावबाई गमबूट, नारिंगी लाइफ जॅकेट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात शाखेत उतरल्या आणि तळघरातल्या लॉकरकडे जाणाऱ्या पायऱ्यांशी बाकावर बसल्या.

"काय तलावबाई, आज तलाव इकडे भरलाय का?" लॉकरला आलेल्या कापडवाल्याने विचारलं.

"अजून नाही. पण मॅनेजरसाहेब शपथेवर सांगतात, कधीही भरेल. तुम्ही खाली निघालात ना? पोहता येतं?" आणि त्यांनी शपथपत्राची झेरॉक्स पुढे केली.

कापडवाल्याने ती वाचली. तो खाली गेला आणि दागिन्यांची पिशवी पोटाशी धरून वर आला. दुपारपर्यंत रांग रस्त्यावर पोचली. रांगेच्या तोंडाशी सासूबाई होत्या.

"माझ्या बांगड्या आधी काढा गं बाई! या वयात मी काही बुडी मारायला शिकणार नाही!"

चौथ्या दिवशी मॅनेजर घाम पुसत बाकापाशी आला. "अहो मॅडम, काय हा तमाशा! इथे कसला पूर नि कसलं काय!"

"नाही येत?"

"शंभर वर्षांत येणार नाही!"

"मग तेवढंच लिहून द्या. शपथेवर."

पूर आहे म्हणावं तर लॉकर रिकामे, नाही म्हणावं तर खटला बुडाला. पायऱ्यांवरून आणखी एक पिशवी वर आली. मॅनेजरने खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं.

"आता तरी ते जॅकेट काढा."

"ओसरू दे की पूर."

न्यायाधीशांनी दोन्ही शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवली. जप्ती रद्द झाली, कापलेले पैसे व्याजासकट परत. आणि तलावबाईंनी आग्रहाने मागितलेलं एक वाक्यही निकालात आलं: ज्याने नोटीस लावली, त्यानेच ती काढावी.

बँकेने गोंदात काटकसर केली नव्हती. मॅनेजर दारासमोर उकिडवा बसून नखांनी कागद खरवडत होता. जिन्यात सगळे जमले होते, चष्मे लावून. सासूबाईंनी खुर्ची बाहेर मागवली आणि ऐसपैस बसल्या.

"अहो साहेब," त्या म्हणाल्या, "वरचा कोपरा राहिला."