तेल देण्याचा क्रम

तिने अर्जातला तिसरा रकाना चौथ्यांदा पुसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. पाचला मुदत संपत होती.

रकान्यात एकच प्रश्न होता: तुमच्या पानांवरच्या जाहिराती कोणी मुद्दाम दाबत आहे का, किंवा तुमच्यापैकी कोणी इतरांना तसं करायला सांगितलं आहे का? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की अर्ज एकदाच करता येईल आणि निर्णय अंतिम राहील. बारीक अक्षरात लिहिलेलं कधी कोणाच्या भल्याचं असतं का!

वेबसाइट शिलाई मशीनच्या दुरुस्तीची होती. ज्ञान सासऱ्यांचं, टायपिंग तिचं. सासऱ्यांनी चाळीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या. मग हात थरथरायला लागले, स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना, तेव्हा त्यांनी दुकान आवरलं. ती त्या वेळी कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून काजं-बटणं तपासायची. दोन वर्षांपूर्वी तिने ती नोकरी सोडली. ते सांगत, ती लिही. सुयांबद्दल लिहिलं की शेजारी सुयांची जाहिरात आपोआप येऊन बसे, पट्ट्यांबद्दल लिहिलं की पट्ट्यांची. कोणी ती दाबली की जाहिरात कंपनी थोडे पैसे देई. त्या थोड्याथोडक्यावर ती घरी राहू शकत होती आणि सासऱ्यांना एकटं ठेवावं लागत नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांच्या हातून उकळत्या चहाचं पातेलं निसटलं होतं. ती शेजारी होती म्हणून निभावलं.

आज सकाळी कंपनीचं पत्र आलं. खोटे क्लिक आढळले आहेत, खातं गोठवलं आहे, खुलाशाचा अर्ज आज पाचपर्यंत भरा. पत्र वाचून तिचं धाबं दणाणलं होतं.

फोन वाजला. नवरा होता, कामावरून.

"लिहिलंस का?"

"काय लिहू तेच कळत नाहीये."

"अगं, सरळ कानावर हात ठेव. आम्हाला काही माहीत नाही म्हणायचं. विषय संपला."

"पण खरंच माहीत नाहीये मला."

"मग तर उत्तमच. खोटंही नाही."

फोन ठेवून तिने क्लिकची यादी पुन्हा उघडली. सकाळपासून तिचा संशय तिघांवर फिरून आला होता: मशिनींचीच दुसरी वेबसाइट चालवणारा एक आगाऊ माणूस, नवऱ्याचा एक मित्र, आणि कारखान्यातली जुनी मुकादमीण. आता तिने नुसत्या वेळा पाहिल्या. क्लिक सहा ठिकाणांहून येत होते, रोज दहा ते अकराच्या दरम्यान. पानावरची पहिली जाहिरात, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक एकदाच. एकही सुटलेली नाही. कोणी चोर इतक्या शिस्तीत चोरी करत नाही. सहांपैकी एका ठिकाणी दोन क्लिकमध्ये जवळजवळ मिनिटभर जात होतं, जणू तिथे कोणाला दाबायलाच कष्ट पडत होते.

तिने स्वतःच टाइप केलेलं वाक्य तिला आठवलं. वेबसाइटचं सगळ्यात पहिलं पान. 'तेल वरून खाली द्यावं. एका भोकात एकच थेंब. एकही भोक सोडू नये.'

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

सासरे खिडकीपाशी बसले होते. समोर तिचाच जुना फोन उशीला टेकवून उभा केलेला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ते बोट काचेकडे नेत होते.

"बाबा, तुम्ही या जाहिराती दाबता?"

"रोज," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. "मी सुयांवर बोललो की सुयावाले येतात, पट्ट्यांवर बोललो की पट्ट्यावाले. एवढं आपलं ऐकून बिचारे दारात येऊन उभे राहतात. त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे बरं दिसतं का? आज मात्र कोणी आलं नाही सकाळपासून."

"आणि बाकीचे?"

"माझ्या जुन्या पाचही मित्रांना सांगून ठेवलंय. सूनबाईच्या पानावर गेलात तर कोणाला विन्मुख पाठवू नका. आमच्यातला थोरला मेकॅनिक तर चष्मा पुसून बसतो रोज." ते थांबले. "तुला सांगितलं नाही. म्हटलं, पोरगी राबते, आपला तेवढाच हातभार."

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. दोन्ही तिने गिळलं.

"काही दिवस दाबू नका, बाबा. कंपनीचं काहीतरी काम चाललंय."

परत येऊन तिने रकान्यात लिहिलं: 'आम्हाला काही माहीत नाही.' तासाभरापूर्वी हे खरं होतं. आता घड्याळात सव्वाचार वाजून गेले होते आणि तेच वाक्य खोटं झालं होतं. सासऱ्यांना कळलं तर ते खचतील, हे तिला ठाऊक होतं. कळू द्यायचंच नाही, एवढं तिने ठरवलं. तरी बोट पुढे जाईना.

मागे चपला घासल्याचा आवाज आला. सासरे दारात उभे होते, हातात फोन.

"थोरल्या मेकॅनिकला फोन केला होता. म्हटलं, थांब काही दिवस. त्याची नात शेजारीच होती. तिने फोन घेतला आणि मला नीट समजावून सांगितलं, आपलं हे दाबणं म्हणजेच खोटे क्लिक." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "माझ्यामुळे झालं हे."

"तुम्हाला काय कल्पना, बाबा."

"तू काय लिहिलंस?"

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ओठ हलवत वाचलं.

"गिऱ्हाइकाची सुई माझ्या हातून तुटली, तर आधीच तुटलेली होती असं मी कधी म्हटलं नाही."

"इथे तसं नसतं, बाबा. खरं लिहिलं तर खातं कायमचं बंद करतील. मला परत कारखान्यात जावं लागेल." पुढचं तिला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "आणि तुम्ही दिवसभर एकटे राहाल."

 तिला वाटलं, आता ते मान हलवतील आणि परत जातील.

"राहीन," ते म्हणाले. "सरक जरा."

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिचं वाक्य पुसलं. मग एकेक अक्षर शोधून टाइप करायला लागले. पावणेपाच झाले. बोट शेजारच्या अक्षरावर पडायचं, ते पुसायचे, पुन्हा मनगट धरायचे. हात पुढे करून सगळं झटक्यात लिहून टाकावं असं तिला शंभरदा वाटलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही ती बघतच होती.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी ते थांबले. रकान्यात लिहिलं होतं: 'जाहिराती मी दाबल्या. पाच मित्रांना मीच सांगितलं. सुनेला माहीत नव्हतं. चूक माझ्या हातून झाली.'

खाली 'पाठवा' लिहिलेलं बटण होतं. त्यांचं बोट त्याच्यावर येऊन थबकलं.

"हे दाबायचं ना?"

"हो, बाबा."

"नक्की? यात काही गैर नाही ना?"

"नाही."

त्यांनी डाव्या हाताने मनगट धरलं, पण आता डावा हातही थरथरत होता. तिने आपला हात त्यांच्या हाताखाली धरला.

"एकदाच ना?" त्यांनी विचारलं.

"एकदाच," ती म्हणाली.