चादरीआडचं मत

मावशीचा राग तिच्या इस्त्रीसारखा होता. तापायला वेळ लागे, पण तापला की जवळ जायची सोय नसे.

धुलाईघरात तिची नणंद वाफेने चक्कर येऊन पडली, त्या दिवशी तो तापला. मागचं दार दोन पावलांवर, पण त्याला कुलूप. बिचारीला उचलून अख्खं धुलाईघर ओलांडावं लागलं. किल्ली मालकाच्या कमरेला. कामगार काम टाकून मागच्या दाराने पळतील ही त्याची भीती. दार उघडायला लावण्याचा अधिकार फक्त कामगारांच्या प्रतिनिधीला, आणि तो दर वर्षी मुकादम, म्हणजे मालकाचा सख्खा मेहुणा! मालक समोर उभा राहून विचारायचा, "मुकादम कोणाला हवा?" हात मुकाट्याने वर जायचे. उद्या कामावर यायचं असतं ना!

यंदा मावशी स्वतः उभी राहिली. "मतं गुपचूप द्यायची," ती म्हणाली.

"गुपचूप चोर वागतात," मालक हसला. "विचारा आपल्या घडीवाल्याला. त्याच्या देशात भर चौकात हात वर करतात. त्याला म्हणतात लोकशाही!"

कपड्यांच्या घड्या घालणारा, परदेशातून आलेला घडीवाला खाकरला. "करतात, मालक. पण तिथे पगार देणारा समोर उभा नसतो."

खसखस पिकली आणि सगळ्यांच्या जिभा सुटल्या. इथे देशोदेशीची माणसं होती. रंगारी म्हणाला, "आमच्याकडे मत दिलं नाही तर दंड!"

"आमच्याकडे कितीही मतं द्या, येतो तोच," धुणेवाली फणकारली. "आजीच्या वेळचा अजून हलत नाही मेला."

म्हातारा भट्टीवाला म्हणाला, "आमच्या गावी डब्यात गोटी टाकायचो. आवाज एकदाच यायला हवा. दोनदा आला की चोर सापडला."

"ज्याच्याकडचं चांगलं ते घेऊ," मावशी म्हणाली. "वाईट आपल्याकडे भरपूर आहे."

तिने वाळत घालायच्या दोरीवर जाड चादर टाकली. मागे दोन डबे ठेवले. एकावर आपला फडका, दुसऱ्यावर मुकादमाची टोपी. कपड्यांतून गळलेली बटणं बरणीत साठलेली होतीच. माणशी एक वाटलं. "होऊ दे तमाशा," म्हणत मालक कान टवकारून उभा राहिला. एकेक जण आत जाई, खण्ण वाजे, आणि तो मख्ख चेहऱ्याने बाहेर येई.

डबे सगळ्यांसमोर उपडे केले. फडक्याच्या डब्यातून बटणांचा ढीग पडला. टोपीच्या डब्यातून एकच बटण घरंगळलं.

मालक लालबुंद होऊन मुकादमाकडे वळला. "एकच? अरे, तू, तुझी बायको, तुझा भाऊ, घरचेच तिघं ना तुम्ही?"

"मी तुम्हालाच दिलं हो!" मुकादमाची बायको म्हणाली.

"मीसुद्धा, दादा!" भाऊ म्हणाला.

कपाळावरचा घाम पुसत मुकादम त्या बंद दाराकडे बघत राहिला. भट्टीची धग त्यालाही लागत होतीच की.

"खरं बोल!" मालक त्याच्या अंगावर धावला.

मावशी मध्ये उभी राहिली. ज्याने आजवर तिला हडतहुडत केलं, त्याच माणसाला पाठीशी घालून.

"ते विचारायचं नसतं, मालक," ती म्हणाली आणि तळहात पुढे केला. "किल्ली द्या."