गच्चीपर्यंत रेंज

बिनवायरचा फोन सुनेनेच निवडला. दुकानदाराला तिने एकच विचारलं, "गच्चीपर्यंत रेंज येईल ना?" जुना फोन सासूबाईंच्या उशाशी होता, त्यामुळे बहिणीशी मनातलं बोलायची चोरी. लाइन तिथेच असल्याने नव्या फोनचा स्टँडही तिथेच बसला.

हँडसेट चार्ज होताच ती गच्चीवर गेली. बहिणीचा नंबर लावणार, तोच हँडसेट हातात किणकिणला. हरवलेला हँडसेट शोधायचं स्टँडवरचं बटण सासूबाईंना सापडलं होतं.

ती धावत खाली आली. "काय हवंय, आई?"

"काही नाही गं. येतेस का ते पाहिलं. आता हाका मारून घसा कोरडा करायला नको."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी जिन्याकडे वळली.

"सूनबाई," मागून मायेने हाक आली, "फोन राहिला बघ."