खून नसलेला खूनपट

मी एक जुना खूनपट बोलतोय. हसू नका. माझ्यात जहाज आहे, धुकं आहे, टोपीवाला गुप्तहेर आहे. फक्त खून नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरात माझं चित्रीकरण झालं. कंपनी फाटकी. माझं जहाज धक्का सोडून कधी हललंच नाही. धुकं म्हणजे किटल्यांची वाफ. मरणाऱ्या खलाशाच्या कामाला नट परवडेना, म्हणून तिथल्याच मासेमारी बोटीवरच्या विल्फ गार्बटला उभं केलं. खुन्याने कठड्यावरून ढकलल्यावर तो पलीकडच्या गादीवर पडला आणि ओरडला, "घरच्यापेक्षा मऊ आहे की! अजून एकदा ढकला!"

मी तयार होऊन त्या गावात पोचलो, त्याआधीच विल्फची बोट आइसलंडकडे बुडाली होती. एकही प्रेत मिळालं नाही.

तिथल्या थिएटरात मशीन चालवायला त्याचाच धाकटा भाऊ होता, क्लेम. खेळाआधी मला हातांनी तपासायचं, फाटलेलं चिकटवायचं, ही त्यांची रीत. दिव्यासमोर पट्टी धरली आणि त्याचा हात थांबला. विल्फ कठड्यावरून मागे पडत होता, एकेका चौकटीत थोडा थोडा.

"नाही," क्लेम म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही."

कात्री चालली. तुकडा शेगडीत गेला.

दुपारचा खेळ सुरू झाला. विल्फ चहाचा मग घेऊन डेकवर आला आणि लगेच गुप्तहेर गरजला, "खुनी याच जहाजावर आहे!"

"अरे, पण मेला कोण?" खालून कुणीतरी ओरडलं.

"गोष्ट लिहिणारा!"

सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतली एक बाई तेवढी हसली नाही. झाडलोट सुरू झाली तरी ती उठेना. क्लेम खाली आला.

"आई? तू कशी सिनेमाला?"

"विल्फ परत कधी येतो?"

"येत नाही. कापला मी. त्याला पाण्यात टाकतात गं. तुला बघवलं नसतं."

"तुला विचारलं होतं कुणी? चिकटव परत."

"जाळला."

ती रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. "कसा गेला, कुणी सांगितलं नाही रे आपल्याला. खोटं का होईना, जाताना बघितला असता."

क्लेमने शेगडीतली राख उपसली. राखेत काय मिळणार? मग हात न धुताच त्याने मला गुंडाळलं. ते काळे ठसे माझ्या कडेला अजून आहेत.

पुढच्या गावांनी मला परत धाडलं. तेव्हापासून कंपनीच्या गोदामात पडून आहे. जुनी फिल्म कुजते, तसा माझा आंबूस वास येतो. डबा कुणी उघडत नाही.

मधे एकदा क्लेमचा आवाज ऐकू आला. माझी दुसरी, न कापलेली प्रत आहे का, विचारत होता.

"कशाला हवीय?" गोदामवाला म्हणाला. "भिकार होता तो."

"माहितीय. आमची आई गेली."

"मग?"

"मग काही नाही. मीही त्याला जाताना बघितलं नाही ना."

प्रत मिळाली नाही. मी तिथेच डब्यात होतो, पण त्याला हवा तो तुकडा माझ्यात कुठे होता?

माझ्याबरोबर आणखी प्रती निघाल्या होत्या, माझी भावंडंच. त्यातली एखादी तुम्हाला सापडली, तर माझं राहू द्या, तिला त्या बंदरावर न्या. क्लेमला पडद्यासमोर बसवा, मशीनजवळ नको. तो मधेच उठायला लागेल. हात धरून ठेवा त्याचा.